कूलरचा आवाज, न दिसणारी अक्षरं अन् रात्रभराचं एडिटिंग: ताई, असं करून पाहा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही बचत गटाच्या बायांना अन् बारावी झालेल्या पोरींना एक्सेल शिकवता, लॅपटॉपची स्क्रीन रेकॉर्ड करून व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकता, अन् तीन ठिकाणी गाडी अडून राहिली: आवाज घुमते, मोबाईलवर अक्षर दिसत नाही, आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ एडिट करता करता रात्र जाते. कोणीतरी महागडा माईक घ्या म्हणून सांगितलं म्हणता, तो एवढ्यात घेऊ नका. मी पांढरकवड्याच्या बाजूच्या एका खेड्यात २०२० पासून हेच काम करून राहिलो, शाळा बंद पडल्या तेव्हापासून, अन् आजही दर आठवड्याला एकदोन व्हिडिओ करतो. पैसे खर्च करायच्या आधी बऱ्याच गोष्टी फुकटात दुरुस्त होतात.

सगळ्यात आधी अक्षराचं सांगतो, काहून की त्याच्यावर बाकी सगळं उभं आहे. सुरुवातीच्या एका व्हिडिओत मी कापूस वेचाईचा हिशोब घेतला होता. एका बाईचे सात दिवसाचे किलो, बी २ पासून बी ८ पर्यंत: २२, २५, १८, ३०, २७, २४, २६. खाली बेरीज. १७२ यायला पायजे. एका पोरीनं शाळेच्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं अन् तिचं ४८ येत होतं. तीनदा केलं, तीनदा ४८. मी जाऊन पाहिलं तं तिनं बेरजेच्या फॉर्म्युल्यात बी २ अन् बी ८ च्या मधात कोलनऐवजी कॉमा टाकला होता. कोलन टाकला की एक्सेल बी २ पासून बी ८ पर्यंतचे सगळे खाने घेते, कॉमा टाकला की फक्त तेवढे दोनच, २२ अन् २६, झाले ४८. अन् लाल अक्षरात काही चूक वगैरे दाखवत नाही, उत्तर देऊन मोकळं. मी म्हटलं बाई व्हिडिओत तर कोलन आहे, तं तिनं बापाचा मोबाईल काढला, व्हिडिओ बरोबर तिथं थांबवला अन् माझ्या हातात दिला. कोलनचे दोन ठिपके एकात एक मिसळून एक काळा डाग झाला होता. मलाही ओळखू आलं नसतं. माझा लॅपटॉप १५ इंची अन् तिच्या हातात काच तडकलेला पाच इंचाचा मोबाईल. त्या दिवसापासून मी कोणताही व्हिडिओ पाठवायच्या आधी घरातल्या सगळ्यात लहान मोबाईलवर, मोबाईल हातभर दूर धरून पाहतो. फॉर्म्युला वाचता आला नाही तं पुन्हा रेकॉर्ड करतो.

उपाय काय? विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनचं रिझोल्यूशनच १२८० बाय ७२० करून घ्या, रेकॉर्डिंगपुरतं. सगळं आपोआप मोठं होते, अन् ओबीएसमध्येही (स्क्रीन रेकॉर्ड करायचं फुकटचं सॉफ्टवेअर) बेस अन् आउटपुट रिझोल्यूशन दोन्ही तेवढंच ठेवलं की चित्र लहानमोठं करताना होणारी अस्पष्टता येत नाही. एक्सेल १८० ते २०० टक्के झूम. वरची रिबन, म्हणजे बटणांची पट्टी, काम नसेल तेव्हा कंट्रोल एफ १ दाबून लपवा, तेवढीच जागा मिळते. ओबीएसमध्ये चित्राची कड पकडून अल्ट दाबून ओढलं की ती बाजू कापल्या जाते, टास्कबार अन् घड्याळ तसंच कापा, मग उरलेला भाग ओढून पूर्ण चौकट भरा. माऊसचा बाण सेटिंगमधून मोठा अन् पिवळा करा. अन् हा बाण उगाच फिरवू नका, बोलता बोलता शब्दाभोवती गोल गोल फिरवायची सवय असते आपल्याला, पाहणाऱ्याचं डोकं फिरते. एखादी जागा अगदी जवळून दाखवायची असेल तं मायक्रोसॉफ्टचंच झूमइट नावाचं फुकटचं टूल आहे, कंट्रोल १ दाबलं की स्क्रीन तिथल्या तिथं मोठी होते, कंट्रोल २ दाबलं की खडूसारखं रेघ ओढता येते. मी कोलनवर आता दरवेळी लाल गोल काढतो.

आता आवाज. तुमचा आवाज घुमते तो माईकमुळे नाही, खोलीमुळे. सिमेंटच्या उघड्या भिंती, खाली फरशी, वर टिना, आवाज सगळीकडून आदळून परत येते. आमच्याकडे दिवाळीनंतर भाव येईपर्यंत कापूस घरातच एका खोलीत भरून ठेवतो. एकदा मी मोबाईलवर बोलत बोलत त्या खोलीत गेलो अन् समोरचा माणूस म्हणाला, आता कसं स्पष्ट येऊन राहिलं, कुठं गेले? छातीइतका कापूस भरलेला, त्यानं आवाज पिऊन टाकला होता. टाळी वाजवून पाहिली, टाळीचा सूरच उरला नाही, नुसतं ठप्प. त्या हंगामातले माझे सगळे व्हिडिओ त्या खोलीच्या दारात बसून केले. तुमच्याकडे कापूस भरलेला असेल तं करून पाहा, पण दोन गोष्टी पाळा: आत जाऊन बसू नका, साठवलेल्या कापसाची अंगाला खाज सुटते ते तुम्हाला माहीतच आहे, अन् चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड काही म्हणजे काही तिथं न्यायचं नाही, एक ठिणगी पडली तं वर्षाची कमाई जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. बाकीच्या महिन्यांत दोन गाद्या भिंतीला उभ्या लावा, एक तुमच्या समोर अन् एक पाठीमागं, टेबलावर वाकळ अंथरा. एवढ्यानंच फरक पडते.

माईक म्हणाल तं मोबाईलचा साधा वायरचा इअरफोन पुरते. लॅपटॉपचा स्वतःचा माईक वापरू नका, तो कीबोर्डचा खडखडाट अन् आतल्या पंख्याची घरघर आधी पकडते, तुमचा आवाज मागून. इअरफोनचा माईक तोंडापासून वीतभर, अन् थोडा बाजूला, म्हणजे प-फ बोलताना फुंकर बसत नाही. लॅपटॉपला ते भोकच नसेल तं मोबाईलच्या व्हॉइस रेकॉर्डरवर वेगळा आवाज घ्या अन् सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर दोन्ही टाळ्या जुळवल्या की आवाज अन् चित्र जुळते.

कूलर मात्र बंदच करावा लागते. एप्रिल-मेमध्ये ४५ डिग्रीत दुपारी कूलर बंद करून कोणी बोलू शकत नाही, म्हणून मी उन्हाळ्यात पहाटे पाचला बसतो, तेव्हा हवा पण थंड अन् गल्ली पण शांत. तरी मागं थोडा पंख्याचा आवाज राहिलाच तं ऑडॅसिटी नावाच्या आवाज एडिट करायच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये काढता येते. त्यासाठी रेकॉर्ड सुरू केल्यावर दोनतीन सेकंद काहीच बोलू नका. मग ऑडॅसिटीत तेवढाच शांत तुकडा सिलेक्ट करून नॉइज रिडक्शनमध्ये प्रोफाइल घ्या, मग पूर्ण आवाज सिलेक्ट करून लावा. डेसिबल १२ च्या वर नेऊ नका, पाण्याखालून बोलल्यासारखं होते. अन् हे टूल फक्त एकसारखा चालणारा आवाज काढते, पंखा, घरघर असा. मधात ट्रॅक्टर गेला, कोंबडा आरवला तं ते जात नाही. थांबा, तो आवाज जाऊ द्या, मग ते वाक्य पुन्हा बोला.

आणि इथंच तुमच्या एडिटिंगचं उत्तर आहे. चुकलं की रेकॉर्डिंग बंद करून पहिल्यापासून सुरू करत असाल तं ते सोडा. चुकलं, माऊस होता तिथं परत न्या, दोन सेकंद गप्प राहा, टेबलावर बोटानं एकदा ठक्क वाजवा, अन् ते वाक्य पूर्ण पहिल्यापासून बोला. एडिट करताना आवाजाच्या आलेखात ती ठक्क उभ्या काडीसारखी दिसते, त्या काडीच्या मागचं चुकलेलं वाक्य कापायचं, झालं. पूर्ण व्हिडिओ ऐकत बसायची गरज नाही, नुसत्या काड्या शोधायच्या.

त्याच्याही आधी कागद. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प आहे, प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला, त्यात सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत, अन् त्यांचे संवाद मराठीतही करतात. त्यांची पद्धत मी जशीच्या तशी उचलली. कागदावर दोन रकाने: डावीकडं स्क्रीनवर काय होणार, उजवीकडं मी काय बोलणार. 'बी ९ वर क्लिक', समोर 'आता बेरजेचा खाना निवडू'. लिहायला अर्धा तास लागते पण लिहिता लिहिताच कळते की आपण एक पायरी खाऊन राहिलो, फाइल सेव्ह कुठं केली हे सांगितलंच नाही. त्यांची दुसरी गोष्ट म्हणजे पाहणाऱ्यानं एका बाजूला व्हिडिओ अन् एका बाजूला सॉफ्टवेअर उघडून सोबत सोबत करायचं. तुमच्या पोरींकडं कॉम्प्युटर कमी आहेत, तं मोबाईल कीबोर्डच्या बाजूला टेकवून ठेवायला सांगा. पण मग तुम्हाला प्रत्येक पायरीनंतर 'आता व्हिडिओ थांबवा अन् तुम्ही करा' असं म्हणून तीन सेकंद सोडावे लागतील. हे तीन सेकंद एडिटिंगमध्ये चुकूनही कापू नका.

लांबी कमी करा. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या वेबसाइटच्या चार कोर्समधल्या ६९ लाख वेळा पाहिलेल्या व्हिडिओंचा अभ्यास झाला होता, त्यात व्हिडिओ कितीही मोठा असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांच्या पुढं टिकत नाही असं दिसलं. तुमचा दहा मिनिटांचा धडा म्हणजे दोन व्हिडिओ. बेरीज एक, सरासरी दुसरा. चुकला तं पाच मिनिटांचाच पुन्हा करावा लागते, हाही फायदा.

लाइटीचं विसरू नका. ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आउटपुटमध्ये रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही निवडा. साध्या एमपी ४ फाइलमध्ये कोणतं चित्र कुठं आहे त्याची यादी रेकॉर्डिंग संपल्यावर शेवटी लिहिल्या जाते, मधातच लाइट गेली अन् लॅपटॉप बंद पडला तं ती यादीच नसते अन् फाइल उघडत नाही. माझा पाऊण तासाचा भूमितीचा धडा असाच गेला, बॅटरी जुनी होती, लाइट गेली अन् सगळं काळं. एमकेव्हीमध्ये बंद पडेपर्यंतचं तरी हाती राहते. नंतर फाइल मेनूत रीमक्स रेकॉर्डिंग्ज म्हणून आहे, तिथून एमपी ४ करून घ्या, काही सेकंदाचं काम.

एडिटिंगला शॉटकट वापरा, फुकट आहे. कापायचं तिथं रेघ आणून एस दाबा, तुकडा निवडून एक्स दाबा, तो निघते अन् पुढचं आपोआप सरकून येते. मला नव्वद टक्के वेळा या दोन बटणांपलीकडं काही लागत नाही. लॅपटॉप अडकत असेल तं सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी सुरू करा, म्हणजे एडिट करताना व्हिडिओची हलकी नक्कल वापरल्या जाते. मोबाईलवर केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग घेतलं की शॉटकट ते एडिटिंगला सोयीच्या फाइलमध्ये बदलू का म्हणून विचारते, हो म्हणा, मोबाईलचा फ्रेम रेट कमीजास्त होत राहते अन् पुढं जाऊन आवाज मागंपुढं होते. बोलणं लांबलं अन् चित्र संपलं तं एक्सपोर्ट फ्रेम करून तोच फोटो तिथं ताणून लावा. पानं उलटणं, फिरत येणारी अक्षरं, मागं गाणं, हे काहीच लावू नका. गाण्यानं तुमचा आवाज दबते. शीर्षक मराठीत टाकताना युनिकोडमध्ये टाइप करा, मुक्त फॉन्ट छान दिसते. डीटीपीवाल्या जुन्या फॉन्टमधून कॉपी केलं तं भलतीच अक्षरं येतील.

आता साईज. तुमच्या गावात नेट कसं असेल मला अंदाज आहे, आमच्याकडंही पोरं टाकीवर चढून रेंज शोधत होते. स्क्रीनवर हालचाल कमी असते म्हणून बिटरेट, म्हणजे एका सेकंदाला लागणारा डेटा, खूप खाली आणता येते. एक्सपोर्टमध्ये ७२० पी, १५ फ्रेम, ॲव्हरेज बिटरेट ३५० के, आवाज मोनो ६४ के. हिशोब सोपा आहे: ३५० अधिक ६४ म्हणजे ४१४, गुणिले पाच मिनिटांचे ३०० सेकंद, भागिले आठ (आठ बिटचा एक बाइट), झाले १५,५२५ केबी, म्हणजे साधारण साडेपंधरा एमबी. अन् व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबून लहान करते अन् आपला कोलन परत डाग होते.

एक फार महत्त्वाचं. बचत गटाचा खरा हिशोब, बायांची खरी नावं, खाते नंबर, आधार, काही स्क्रीनवर येऊ देऊ नका. व्हिडिओ एकदा गेला की परत येत नाही. खोटी नावं, खोटे आकडे टाकून वेगळी फाइल बनवा, अन् रेकॉर्डिंगआधी नोटिफिकेशन बंद, व्हॉट्सॲप वेब बंद.

चेहरा दाखवायचा का विचारलं होतं तुम्ही. पहिल्या दहा सेकंदात दाखवा, पोरींना आपली ताई बोलून राहिली हे कळलं की बरं वाटते, मग काढून टाका, ती जागा आकड्यांना द्या.

आज रात्री पूर्ण धडा करू नका. नुसती सात आकड्यांची बेरीज, एक मिनिट, गाद्या लावून. अन् तो तुमच्या गटातल्या अशा बाईला दाखवा जिनं एक्सेल कधी उघडलं नाही, तुम्ही बाजूला बसा पण मधात बोलू नका. ती जिथं व्हिडिओ मागं नेईल ती जागा कागदावर लिहून ठेवा. तो कागद अन् तो एक मिनिटाचा व्हिडिओ इथं टाका, मी पाहून सांगतो.