‘सेपरेट’मधला ए ऐकू का येत नाही?

प्रश्न : मुलगी नववीत, सेमी-इंग्रजीला आहे. ‘सेपरेट’ आणि ‘डेफिनेट’ ही स्पेलिंगं दर पेपरात चुकतात. दहा-दहा वेळा लिहून घेतली, तरी तेच. काय करू? (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, आधी ते दहा वेळा लिहून घेणं थांबवा. मुलीचं दुर्लक्ष नाही, ती कानावर विसंबते आहे. मराठीत ते बहुतेक वेळा चालतं. इंग्रजीत मात्र ज्या भागावर जोर नसतो तिथला स्वर बोलताना पुसट होतो. तिथे ए आहे, ई आहे की आय, हे नुसतं ऐकून कुणालाच सांगता येत नाही.

अशा वेळी त्या शब्दाच्या नातेवाइकांकडे चौकशी करायची. ‘सेपरेट’ आणि ‘प्रिपेअर’ हे एकाच लॅटिन धातूपासून आलेले, म्हणून दोन्हींत पी-ए-आर. ‘डेफिनेट’चं नातं ‘फिनिश’शी. ‘फिनिश’ म्हणताना दोन्ही आय स्पष्ट ऐकू येतात, तेच एफ-आय-एन-आय ‘डेफिनेट’मध्ये. ‘ग्रामर’च्या शेवटी ई-आर की ए-आर, असा घोळ झाला तर ‘ग्रॅमॅटिकल’ म्हणून बघा, ए लगेच सापडेल. आपण सर्रास ‘गव्हर्मेंट’ म्हणतो आणि एन गाळतो. ‘गव्हर्न’ आठवलं की तो जागेवर येतो.

तिला एक छोटी वही करून द्या. डावीकडे बरोबर शब्द, उजवीकडे त्याचा नातेवाईक. चुकीचं स्पेलिंग वहीत कुठेच नको. लाल शाईत काट मारलेलं असलं तरी डोळा तेच टिपून ठेवतो.

प्रश्न : नव्या दुकानाच्या पाटीवर पेंटरने ‘स्टेशनरी’च्या शेवटी ए-आर-वाय लिहिलं आहे. गिऱ्हाईकं चूक म्हणतात. पाटी बदलावी का? (दुकानदार, चाळीसगाव)

उत्तर : अख्खी पाटी नको, पण ते एक अक्षर जरूर बदलून घ्या. ए-आर-वायवाल्या शब्दाचा अर्थ ‘जागचा न हलणारा’. वह्या-पेनांसाठी ई-आर-वाय हवं. गंमत म्हणजे मूळ दोघांचं एकच. मध्ययुगात बरेच विक्रेते गावोगाव फिरत. एका ठरलेल्या जागी दुकान मांडून बसणारा, विशेषतः पुस्तकं विकणारा, तो ‘स्टेशनर’. त्याचा माल म्हणजे ‘स्टेशनरी’, म्हणून त्याच्या नावातला ई-आर कायम राहिला. तुमच्याकडे एन्व्हलप मिळतंच, त्याचं पहिलं अक्षर ई. एवढं पेंटरला सांगा.

क्लासच्या पाट्यांवर ‘ट्यूशन’मधला टीच्या आधीचा आय हमखास गळतो. मुलं रोज त्याच पाटीखालून वर्गात जातात, म्हणून हे मला फार लागतं. टी-यू-आय-टी, असं म्हणत लिहावं.

प्रश्न : ‘कलर’मध्ये यू लिहिला की कॉम्प्युटर लाल रेघ मारतो. कोण बरोबर? (विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : दोन्ही बरोबर. यू नसलेली पद्धत अमेरिकेची. नोहा वेबस्टरच्या 1828च्या शब्दकोशाने ती तिथे पक्की केली. आपल्याकडे ब्रिटिश वळण चालतं, तेच ठेव. वर्डमध्ये भाषा ‘इंग्रजी, भारत’ निवड, रेघ जाईल. एकाच उत्तरात दोन्हींची सरमिसळ मात्र नको.

प्रश्न : नातू विचारतो, कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मध्ये बी कशाला, उच्चारत तर नाही? मला उत्तर देता आलं नाही. (निवृत्त कारकून, रत्नागिरी)

उत्तर : आजोबा, नातवाची शंका अगदी रास्त आहे. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे लॅटिनची थोरवी वाटणाऱ्या विद्वानांनी मूळचा ‘डेबिटुम’ आठवून लिहिण्यात बी घुसवला. बोलणाऱ्यांनी उच्चार काही बदलला नाही. ‘रिसीट’मधला पी असाच आला, पण त्याच घराण्यातल्या ‘डिसीट’मध्ये तो टिकला नाही. म्हणून मुलं तिथे गोंधळतात, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही.

‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमजातून आला. जुन्या इंग्रजीतला हा अस्सल देशी शब्द. लॅटिनवरून आलेल्या ‘आइल’शी त्याचं नातं आहे असं लोकांना वाटलं आणि त्याचा एस याला चिकटवला गेला.

नातवाला बँकेचं पासबुक उघडून ‘डेबिट’चा रकाना दाखवा. तिथे बी लिहिलेलाही दिसेल आणि वाचताना ऐकूही येईल. ‘आयलंड’ मात्र त्याला पाठच करावं लागेल.