चाळीस हजारांत पहिला कॅमेरा: बॉडी जुनी चालेल, लेन्स नीट बघून घ्या

तुम्ही विचारलंय की घरचे कार्यक्रम, तालमीतली कुस्ती, पन्हाळा आणि कळंब्याच्या तलावावरचे पक्षी, या सगळ्याला चालेल असा पहिला डिजिटल कॅमेरा 40 हजारांत कोणता घ्यावा. मीही कोल्हापूरचाच. या सगळ्याला एक लेन्स पुरत नाही. म्हणून सेकंडहँड डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्या आणि वाचलेले पैसे लेन्सला ठेवा. नवा मिररलेस (आरसा नसलेला) घेतलात तर लेन्ससाठी फारसं काही उरणार नाही.

माझा पहिला कॅमेरा लांब झूमचा होता, लेन्स न बदलणारा. उन्हात फोटो झकास यायचे. तालमीत मात्र ट्यूबलाइटचा उजेड. पैलवानानं ढाक लावली की फोटोत हौद्याची तांबडी माती दिसायची आणि हातांच्या जागी नुसता पुसट फराटा. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, जेमतेम 6 मिमी रुंद. कॅननच्या एपीएस-सी (मधल्या आकाराच्या सेन्सरच्या) डीएसएलआरचा 22 मिमी असतो, म्हणून तो जास्त उजेड टिपतो. डाव गोठवायला शटर 1/500 सेकंद तरी लागतं, आणि तेवढ्यात पुरेसा उजेड आत आला पाहिजे. सोबत मिळणारी 18-55 किट लेन्स लांबच्या टोकाला एफ 5.6 वर अडते; एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. 50 मिमी एफ 1.8 लेन्स तिच्या जवळपास 10 पट उजेड घेते. कुस्तीला आणि घरातल्या बारशाला हीच वापरा. पन्हाळ्याला किट लेन्स भागवते.

बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) कॅनन 200डी किंवा निकॉन डी5600 बघा. निकॉन घेतलात तर 50 मिमी लेन्स ‘एएफ-एस’ लिहिलेलीच घ्या, तिच्यात फोकसची मोटर असते. त्या बॉडीत ती मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस हातानं फिरवावा लागतो.

जुनी लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च मागून धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी ठेवून या. आपल्याकडच्या पावसात तुमचीही लेन्स सुटणार नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

पक्ष्यांसाठी लांबची झूम लेन्स, कॅननला 55-250 मिमी, नंतर घ्या, घाई नको. आणि चैत्रात जोतिबाला जाणार असाल तर लेन्स घरीच लावून निघा. गुलाल उधळत असताना ती काढू नका.