बाप प्यायचा, म्हणून मीही पिणार का मॅडम?

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच. कधी रागाबद्दल असतो, कधी डिप्रेशनबद्दल, पण माझ्याकडे सगळ्यात जास्त येतो तो दारूबद्दल. "रक्तातच आहे आमच्या" असं म्हणून माणूस समोर बसतो आणि निकाल लागल्यासारखा चेहरा करतो.

निखिल (नाव बदललंय, बाकीचं पण थोडं इकडचं तिकडे केलंय) मार्चमध्ये आला. वय २७, नागपूरला मिहानमध्ये नोकरी, राहायला मानेवाड्याकडे. तो बारावीत असताना वडील लिव्हर खराब होऊन गेले. आता लग्न ठरून राह्यलं होतं, मुलगी वर्ध्याची, म्हणजे दारूबंदीच्या जिल्ह्यातली, हे तोच हसून म्हणाला. बैठकीत मुलीच्या मावशीनं सरळ विचारलं, वडील कशानं गेले? आई म्हणाली काविळीनं. तेव्हापासून याची झोप उडाली. त्यात काका लहानपणापासून म्हणतच आलेले, पोट्टा बापावरच गेलाय, नाक तेच, आवाज तोच.

अर्धा तास तो भीतीच सांगत होता, मग एकदम थोडा रिलॅक्स होऊन म्हणाला, "पण एक चांगलं आहे मॅडम, मला चढतच नाही. दोस्त तीन पेगमध्ये आउट होऊन राह्यले असतात, मी सहा घेऊन सगळ्यांना कारनं घरी सोडून देतो. म्हणजे माझा कंट्रोल आहे ना?"

गाडीवरून मी त्याला तिथंच झापलं, ते समुपदेशनात बसत नाही पण झापलं. आणि एक काम दिलं, आईला विचारून ये, बाबा तरुणपणी प्यायचे तेव्हा त्यांना चढायची का?

पुढच्या आठवड्यात आला तो गप्पच. आईनं सांगितलं होतं, आमच्या वरातीत सगळे पिऊन लोळले, तुझे बाबा एकटे ताठ उभे, सगळे कौतुक करत होते.

आता हे मला आधीच माहीत होतं असं नाही, पण शंका होती. मार्क शुकिट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी सॅन डिएगोत १९७० च्या दशकाच्या शेवटी विशीतल्या पोरांवर हे काम सुरू केलं. काहींचे वडील दारूच्या आहारी गेलेले, काहींचे नाही. सगळ्यांना मोजून सारखी दारू दिली तर व्यसनी बापाच्या बऱ्याच मुलांना ती कमी जाणवली. दहाएक वर्षांनी परत गाठलं तेव्हा ज्यांना कमी चढायची त्यांच्यातच व्यसन जास्त निघालं. कारण साधं आहे, दोन पेगला शरीर "बस" म्हणत नाही म्हणून माणूस सहावर जातो, जास्त पिणाऱ्यांची कंपनी धरतो, आणि तोपर्यंत लिव्हर मात्र सहाचाच हिशोब लावत असतं. निखिल ज्याला कंट्रोल समजत होता तोच बापाकडून आलेला असण्याची शक्यता जास्त, आणि ज्याची भीती वाटत होती, ते नाक, तो आवाज, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

दारूचा असा एकच जीन नसतो, बारीकसारीक परिणाम करणारे खूप असतात. ज्यांचा परिणाम सगळ्यात ठळक सापडलाय ते शरीर दारूचं काय करतं यावर चालतात. चीन, जपान, कोरियातल्या बऱ्याच लोकांमध्ये एक असा जीन असतो की थोडी घेतली तरी तोंड लाल होतं, मळमळतं, छाती धडधडते, साहजिकच त्यांच्यात व्यसनाचं प्रमाण कमी. जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा निघतो. हे ऐकून निखिल म्हणाला, म्हणजे माझे चान्सेस ५० टक्के? नाही ना बाप्पा! तो निम्मा वाटा माणसामाणसांतल्या फरकाचा असतो, एका माणसाच्या नशिबाचा नाही.

हे त्याला पटेना. मग कळलं आजोळी काटोलला संत्र्याची बाग आहे. म्हटलं, जंबेरी लिंबाच्या खुंटावर एकाच झाडाचे डोळे (कोंब) बांधून केलेली कलमं, म्हणजे जुळीच ना? मग एका बागेत मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) येतो, शेजारच्या बागेत का येत नाही? लगेच म्हणाला, त्यानं ताण नसेल दिला, म्हणजे झाडांचं पाणी तोडलं नसेल, नाहीतर मधात पाणी सोडलं असेल. मग मला फार काही सांगावं लागलं नाही.

"पण मग निसर्गानं असलं काहून ठेवलं?" हेही विचारलंच त्यानं. माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या सामायिक पूर्वजामध्ये साधारण १ कोटी वर्षांपूर्वी एका एन्झाइममध्ये बदल झाला आणि अल्कोहोल पचवायची ताकद कितीतरी पटीनं वाढली. एक अंदाज असा आहे की झाडावरून खाली उतरल्यावर पडलेली, आंबलेली फळं खाणाऱ्यांना त्याचा फायदा झाला. म्हणजे शरीराची तयारी आंबलेल्या फळापुरती. पव्वा त्या मानानं कालपरवाचा आहे, आणि मेंदूतलं डोपामिन मात्र पव्व्यालाही फळासारखंच "मिळालं, अजून शोध" म्हणतं. ब्रेक लावणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. निखिलनं हॉस्टेलमध्ये एकोणिसाव्या वर्षी सुरू केली होती.

आम्ही ठरवलं, तीन महिने पूर्ण बंद. तो फक्त वीकेंडला प्यायचा म्हणून हे चाललं. रोज पिणाऱ्यानं असं एकदम सोडू नये, हात थरथरतात, फिटसुद्धा येऊ शकते, आधी डॉक्टर. पाचव्या आठवड्यात ऑफिसच्या पार्टीत घेतली त्यानं, चार पेग, आणि सोमवारी फोन करून स्वतःच सांगितलं. मला ते चालतं, लपवलेलं चालत नाही.

मुलीला सांगणं जास्त अवघड गेलं. फुटाळा तलावावर नेऊन बिचाऱ्यानं जीन्स, जुळे, संत्री सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, काविळीचं मावशीला मी सांगते, पण तू किती पितोस ते सांग. यानं आकडा सांगितला, खरा.

शेवटच्या भेटीला आईपण सोबत आल्या, निघताना दारात थांबल्या. धाकटा आता सतरा वर्षांचा आहे, दोस्तांत बियर सुरू झाली म्हणे. "पण त्याची काळजी नाही मॅडम, त्याला तर काहीच होत नाही पिऊन."

निखिलनं माझ्याकडे पाह्यलं. शनिवारी साडेपाचला दोघं भाऊ येऊन राह्यले.