आई-बाबांच्या सोळा तासांच्या विमानप्रवासासाठी कोणती गॅजेट्स घेऊन द्यावीत?

तुम्ही विचारलंय की आई-बाबा पहिल्यांदाच मुंबईहून दुबईमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला बहिणीकडे निघालेत, दोघंही साठीच्या पुढचे, खर्चाची तयारी दहा-बारा हजारांची, आणि ३०,००० एमएएचची पॉवर बँक आधीच मागवली आहे. तर आणखी काय घ्यावं?

आधी ती पॉवर बँक परत पाठवा.

विमानात बॅटरी किती मोठी चालेल हे एमएएचवर ठरत नाही, वॉट-अवरवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते त्यावर ठरतं. हिशेब सोपा आहे: एमएएचला ३.७ व्होल्टने गुणा आणि १,००० ने भागा. तुमची ३०,००० वाली १११ वॉट-अवरची झाली. मर्यादा १०० ची आहे. १०० ते १६० मधली बॅटरी न्यायची तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते, आणि १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणजे मुंबईच्या सुरक्षा तपासणीत ती ट्रेमधून बाजूला काढली जाणार, आणि आई-बाबा तिथे रांग अडवून तुम्हाला फोन लावत बसणार. १०,००० एमएएचची घ्या, ३७ वॉट-अवर होते, वजन कमी आणि साधा फोन दीड वेळा भरतो. फक्त तिच्यावर क्षमता स्पष्ट छापलेली असायला हवी. आकडे पुसट झालेली जुनी पॉवर बँक नियमात बसणारी असली तरी अधिकाऱ्याला ते पटवून द्यायला बाबांकडे काही नसतं.

ती नेहमी हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या सामानात कधीच नाही. लिथियम बॅटरीतला एक सेल तापला की शेजारचा तापतो आणि मग ते थांबवणं अवघड होतं. केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी धावून येतात, पाणी ओततात. खाली सामानात कुणाला पत्ताही लागत नाही. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उडण्याआधीच पेटलं. माणसं सगळी वाचली, पण विमानाचं छप्पर जळून गेलं. आग डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि तपासात संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर नियम भराभर कडक झाले. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केली. तुम्ही दुबईमार्गे म्हणताय म्हणजे बहुधा एमिरेट्स असेल. त्यांनी १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक, १०० वॉट-अवरच्या आत, आणि तीही विमानात वापरायची नाही, डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही, असं ठरवलं. पुढच्या खिशात किंवा समोरच्या सीटखालच्या बॅगेत ठेवायची. निघायच्या आठवड्यात कंपनीच्या साइटवर एकदा बघून घ्या, कारण हे नियम अजून बदलतायत.

म्हणजे लांबच्या प्रवासासाठी लोक जी वस्तू सगळ्यात आधी घेतात, ती प्रवासातल्या सगळ्यात लांब टप्प्यात बंद पडून राहते. तिचा उपयोग दुबईच्या विमानतळावर, आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर बहीण गाडी घेऊन येईपर्यंत.

हवेत असताना चार्जिंग सीटवरूनच करायचं. लांब पल्ल्याच्या बहुतेक विमानांत स्क्रीनजवळ यूएसबी असतं, पण ते इतकं मंद की सिनेमा चालू असला तर फोन जेमतेम आहे तिथेच राहतो. सीटखाली किंवा दोन सीटच्या मधे प्लगचं सॉकेट असेल तर ते चांगलं. आपले दोन बारीक गोल पिनांचे मोबाइल चार्जर तिथे बसतात, तीन जाड पिनांचे नाही. दोन पोर्टचा, गॅन प्रकारचा (आकाराने लहान, पण ताकदीने जास्त) एक छोटा चार्जर घ्या. दोघांचे फोन एकावर होतील. केबल दीड-दोन मीटरची हवी. सॉकेट कुठे मांडीमागे, कुठे पायाशी असतं, आणि हातभर केबल घेऊन बाबा वाकून बसले तर सोळा तासांनी पाठ धरलेली असेल.

आता खरा पैसा कुठे घालायचा ते सांगतो. आवाजावर.

घरच्या ज्येष्ठांच्या अमेरिकावारीची तयारी आमच्याकडे माझ्याच गळ्यात पडते, आणि उतरल्यावर त्यांची पहिली तक्रार पाय दुखण्याची कमी, डोकं भणभणण्याची जास्त असते. उडत्या विमानात आत साधारण ८० ते ८५ डेसिबलचा घोंघाट सतत चालू असतो. तासाभराने तो ऐकू येईनासा होतो, पण कान आणि डोकं तो झेलतच राहतात. वर सिनेमाचा आवाज त्या घोंघाटाच्या वर न्यायला लागतो, म्हणजे आणखी मारा. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन याच कामासाठी आहेत. बाहेरचा आवाज छोट्या मायक्रोफोनने टिपायचा, त्याच्या बरोबर उलटी लहर आत सोडायची, दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. हे सगळ्यात चांगलं जमतं ते इंजिनासारख्या खालच्या सुरातल्या एकसुरी आवाजावर. पोराचं रडणं, शेजाऱ्याच्या गप्पा यांवर त्याचा जोर कमी चालतो. दुकानातला विक्रेता हे सांगत नाही. आणि दुकानात ते लावून बघण्यात फारसा अर्थही नाही, तिथे इंजिन कुठे असतं?

या हेडफोनचा जन्मही विमानातच झाला. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस, वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले, स्वतः अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात प्राध्यापक, १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला चालले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमध्ये घोंघाटापुढे संगीत ऐकू येईना, म्हणून तिथेच बसून त्यांनी गणित मांडायला घेतलं. वस्तू बाजारात यायला १९८९ उजाडलं, तीही आधी वैमानिकांसाठी. तुमच्या-आमच्यासारख्या प्रवाशांसाठीचा हेडफोन आला २००० साली. आता ते तंत्र इतकं स्वस्त झालंय की चार-पाच हजारांत कामापुरता चांगला मिळतो.

तुमच्या आई-बाबांसाठी मी कानात घालायचे इअरबड सुचवणार नाही. नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवलं की बरेचसे बड पाच-सात तासांत मान टाकतात, मग डबीत ठेवून चार्ज करत बसा. त्यात एखादा अंधारात सीटच्या फटीत पडला की संपलं. कानावर पूर्ण बसणारा घ्या, एका चार्जमध्ये तीस-तीस तास चालणारा. आणि घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: त्याला ३.५ मिमीचा जॅक आणि वायर आहे का. ती वायर समोरच्या स्क्रीनला लावली की काम झालं. इंटरनेटवरच्या अशा याद्यांत ब्लूटूथ ट्रान्समीटर नावाची डबी हटकून असते, स्क्रीनच्या जॅकला लावायची आणि तिच्यातून बिनतारी हेडफोन जोडायचा. वस्तू वाईट नाही, मी स्वतः वापरतो. पण ती जोडताना दिवा कधी निळा, कधी लाल चमकतो आणि काय चाललंय ते डबी काही सांगत नाही. पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाला हा ताप देऊ नका. काही जुन्या सीटवर अजून दोन पिनांचा जॅक सापडतो. त्यासाठीचा अडॅप्टर शंभर-दोनशे रुपयांत येतो, तो एक टाकून ठेवा.

बाकीच्या वस्तू धरल्या तर दोघांना दोन हेडफोन बजेटात बसणार नाहीत. मग एक हेडफोन आणि दुसऱ्यासाठी फोमचे इअरप्लग, पन्नास-शंभर रुपयांचे. झोपण्यासाठी तेच बरे, कारण मोठा हेडफोन घालून खिडकीला डोकं टेकता येत नाही. पाळीपाळीने वापरतील. दोघांपैकी कुणी श्रवणयंत्र लावत असेल तर त्याच्या जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत टाका, आणि हेडफोन यंत्रावर घालून शिट्टी वाजते का ते घरीच बघा.

मनोरंजनासाठी टॅब घ्यायची गरज मला वाटत नाही, समोर स्क्रीन असतेच. आई वाचणाऱ्या असतील तर किंडलसारखा ई-रीडर मात्र खरंच उपयोगी आहे: वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, चार्जिंग आठवडे पुरतं, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि मराठी पुस्तकं त्यावर २०१६ पासून मिळतात. डोळे दुखत असतील तर बोलकी पुस्तकं. स्टोरीटेलवर मराठीत पुष्कळ आहेत, आणि अंधार केलेल्या केबिनमध्ये डोळे मिटून कथा ऐकण्यासारखं सुख नाही. दोन्हींसाठी डाउनलोड घरून करून न्यायचं. नुसतं ‘डाउनलोड झालं’ असं दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका. फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफाय बंद करा आणि प्रत्येक गोष्ट उघडून बघा. सिनेमाच्या अ‍ॅपवर काही डाउनलोड एकदा सुरू केले की ४८ तासांत संपतात, तेव्हा आधी ‘थोडंसं बघून’ ठेवू नका.

आता दुबई. तिथल्या विमानतळावर वायफाय फुकट आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल संयुक्त अरब अमिरातीत सहसा लागत नाहीत. मेसेज जातात, फोटो जातात, आवाजी निरोप जातो, कॉल नाही. हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते तिकडे ‘फोन बिघडला’ म्हणून हवालदिल आणि तुम्ही इकडे. ‘पोचलो, गेट सापडलं’ एवढा आवाजी निरोप पाठवायचा, असं ठरवून टाका. भारतातल्या सिमवर रोमिंग निघायच्या आधी सुरू करून घ्या, डेटा नको असला तरी चालेल, पण बँकेचे ओटीपी तिकडे याच नंबरवर येणार आहेत. अमेरिकेसाठी ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारं सिम) घ्यायचं तर ते त्यांच्या फोनमध्ये चालतं का बघून तुम्हीच घरी टाकून द्या.

एक गोष्ट मात्र कागदावर द्या. सॅन फ्रान्सिस्कोला इमिग्रेशनच्या रांगेत फोन वापरू देत नाहीत, आणि अधिकारी विचारतो, कुठे राहणार, किती दिवस. बहिणीचा पत्ता, फोन नंबर, परतीचं तिकीट हे सगळं छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.

सामानासाठी ट्रॅकर, म्हणजे बॅग कुठे आहे ते फोनवर दाखवणारा टॅग, घ्यायचा असेल तर आधी आई-बाबांचा फोन बघा. अ‍ॅपलचा एअरटॅग आयफोनशिवाय बिनकामाचा आहे. अँड्रॉइड असेल तर गूगलच्या जाळ्यावर चालणारा घ्या. जिओचे दोन्ही प्रकारचे टॅग मिळतात, फक्त खोक्यावर नीट वाचून घ्या. त्यांतला बटणासारखा सेल इतका छोटा असतो की चेक-इनच्या बॅगेत चालतो. एका बॅगेत एक टॅग पुरे. सामान मागे राहिलं तर ‘बॅग दुबईतच दिसतेय’ हे काउंटरवर दाखवता येतं आणि बोलणं सोपं होतं.

बॅग तोलायचा हातातला काटा तीन-चारशे रुपयांत येतो, तो घ्याच. लोणचं, भाजण्या, मेतकूट यांनी आपली बॅग २३ किलोच्या वर केव्हा जाते ते कळत नाही. आणि आई मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरत असतील तर काढून ठेवा. खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालाच्या यादीत येतं आणि सामानातून बाहेर काढलं जातं. बॅटरीचं आपण इतकं बोललो आणि अडवणार खोबरं, असं व्हायला नको.

तिकडे लागेल म्हणून इथला मिक्सर नेऊ नका. अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, आपले २३०. फोन, लॅपटॉप, हेडफोनचे चार्जर दोन्हीकडे चालतात, त्यांच्यावर ‘१०० ते २४० व्होल्ट’ छापलेलं असतं. त्यांना फक्त चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. मोटर आणि हीटरवाली उपकरणं तिथे मरगळतात किंवा बिघडतात. रक्तदाब मोजायचं यंत्र सेलवर चालतं, ते न्या, औषधांबरोबर हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर तेही तिथेच, सामानात गोठू शकतं.

हवा दमट करायचं छोटं यंत्र, मानेला मसाज करणारा पट्टा, पाय टांगायचा झोपाळा, यांपैकी काहीही घेऊ नका. पायाच्या झोपाळ्याला तर बऱ्याच विमान कंपन्या हरकत घेतात.

आणि आज फोन कराल तेव्हा आई-बाबांना एवढं नक्की सांगा: विमानात फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करायची नाही, हात घालून ओढायचा नाही, बटण दाबून कर्मचाऱ्याला बोलवायचं. सीटच्या यंत्रणेत चिरडलेला फोन पेट घेतो. हेडफोन मात्र निदान दोन आठवडे आधी मागवा, म्हणजे घरी रोज तासभर टीव्हीला लावून दोघांच्या हातात बसेल.