रेस सोडली की इंजिन बंद: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: दुचाकी रस्त्यावर नीट पळते, पण थांबलं की बंद पडते. तक्रार एक असली तरी दोष प्रत्येक गाडीत वेगळा आहे. ती नेमकी कधी बंद पडते आणि कशी बंद पडते, हे ज्यांनी लिहून पाठवलं त्यांचं निम्मं निदान त्यांच्याच पत्रात सापडलं.

प्रश्न: माझी कार्बोरेटरची गाडी दोन महिने उभी होती. आता चोक ओढून सुरू होते, पळतेही चांगली. पण चोक बंद करून रेस सोडली की चार-पाच सेकंदांत मरते. मेकॅनिकने आयडलचा (रेस सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने चालतं त्याचा) स्क्रू पिळून दिला. आता रेस चढलेली राहते, आणि तरी मध्येच बंद पडतेच. काय करावं?

आधी तो स्क्रू पूर्वीच्या जागी आणा. आयडलचा स्क्रू थ्रॉटल, म्हणजे रेस दिली की उघडणारी झडप, जरासा उघडा धरतो, बाकी काही करत नाही. त्याने दोष झाकला जातो आणि पुढच्या माणसाला शोधायला अवघड होतो.

तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द म्हणजे चोक. चोक ओढला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. त्यावर गाडी टिकते, याचा अर्थ चोकशिवाय तिला एक तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा मिळतेय. या दोन शक्यतांपैकी हवेची आधी तपासा, कारण त्याला पाच मिनिटं पुरतात. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या हेडमधलं रबरी मॅनिफोल्ड जुनं झालं की कडक होऊन चिरतं. गाडी चोकवर चालू ठेवा आणि त्या रबराच्या सांध्यांवर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा. इंजिनाचा आवाज तेवढ्यापुरता बदलला तर गळती तिथेच आहे. प्लगच्या कॅपवर पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर त्यानेच गाडी मिसिंग करेल आणि तुम्ही भलत्याच दोषामागे लागाल. पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर फवारून ही चाचणी करणारे बरेच आहेत. तापलेल्या इंजिनावर ते पेट घेऊ शकतं, म्हणून मी पाणीच वापरतो. चिरा रबराच्या खालच्या बाजूलाही बघा. एका गाडीचं कार्बोरेटर मी तीनदा उघडून साफ केलं होतं, आणि चीर मॅनिफोल्डच्या पोटाकडे निघाली.

रबर धड असेल तर मात्र पायलट जेट. गाडी दोन महिने उभी होती, त्यामुळे माझा मुख्य संशय त्याच्यावरच आहे. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना इंजिनाला पेट्रोल पुरवतं ते हे पितळी जेट. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. वेग घेतल्यावर नीडल आणि मेन जेट काम करतात, म्हणून रस्त्यावर तुम्हाला काहीच जाणवत नाही. गाडी उभी राहिली की फ्लोटच्या वाटीतल्या (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती) पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर उरतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावाही ओढून घेतं. सगळ्यात बारीक भोक सगळ्यात आधी तुंबतं.

पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करा. खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घेऊन जेट काढा. पितळ मऊ असतं, खाच लगेच झिजते. जेट उजेडासमोर धरा. भोक स्वच्छ आणि गोल दिसायला हवं. क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने साफ करा. सुई किंवा स्टीलची तार अजिबात घालू नका. भोक किंचित जरी मोठं झालं तरी ते जेट कायमचं बिघडतं. जेटइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्याच्या पुढची वाट: थ्रॉटलच्या कडेजवळ बारीक छिद्रं असतात, त्यातूनही हवा मारा. नुसतं जेट साफ करून गाडी बांधली म्हणून आठवड्याने परत आलेल्या गाड्या मी खूप पाहिल्या आहेत.

मिक्स्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, किती फेरे लागले ते लिहून ठेवा आणि मग बाहेर काढा. टेकल्यावर आवळू नका, टोक मोडतं. त्याच्यासोबत स्प्रिंग, वॉशर आणि इवलीशी ओ-रिंग असते. ती तिथेच चिकटून राहिली नाही ना, बघा. सेटिंग नेहमी गरम इंजिनावर. आयडल थोडं वर ठेवा, मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सगळ्यात वेगाने आणि एकसारखं चालेल ती जागा शोधा, मग आयडल मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. बऱ्याच गाड्यांत तो १२०० ते १५०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दरम्यान असतो. एक ध्यानात ठेवा: स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर सहसा तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर फिरवला की पेट्रोल कमी होतं. इथली उलटसुलट समजूत बऱ्याच चुकीच्या ट्यूनिंगचं मूळ आहे.

प्रश्न: सकाळी गाडी उत्तम. अर्धा तास चालवून इंजिन तापलं की थांबल्यावर बंद पडते आणि लगेच सुरू होत नाही. प्लग नवा आहे, टॅपेटचा आवाजही नाही.

टॅपेटचा आवाज नाही, हीच मला काळजीची गोष्ट वाटते. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग; दोघांत थोडी फट ठेवलेली असते. सैल टॅपेट वाजतात, घट्ट टॅपेट मात्र गप्प असतात. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आपल्या बैठकीवर आपटून थोडा थोडा आत रुततो आणि टॅपेटची फट हळूहळू बुजते. इंजिन तापलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. फट उरलेली नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, निसटतं. वेगात हे खपून जातं, कारण निसटायला वेळच कमी मिळतो. आयडलवर मात्र सिलिंडरमध्ये भरणारी हवाच थोडी, त्यात ही गळती.

किक असेल तर स्वतःच बघा: थंड असताना आणि बंद पडल्यावर, दोन्ही वेळा किक हळूच दाबा. गरम असताना ती पोकळ लागली तर टॅपेट तपासायलाच हवेत. फट मोजायची ती इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा हिशोब आहे, त्यामुळे अंदाजाने करू नका. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. घट्ट टॅपेटवर गाडी चालवत राहिलात तर व्हॉल्व्ह जळतो, म्हणून हे काम लांबवू नका.

किकचा दाब तसाच असेल तर इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) किंवा पल्सर कॉइलकडे (ठिणगीची वेळ कळवणारी) वळा. तापल्यावर आतली तार सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. गाडी बंद पडल्या पडल्या ठिणगी तपासा. प्लगची बॉडी इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून आणि पेट्रोलपासून दूर ठेवूनच.

प्रश्न: फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे. ब्रेक लावून थांबताना आरपीएम एकदम खाली जातो आणि कधी कधी इंजिन बंद. चेक इंजिनचा दिवा लागत नाही.

दिवा लागत नाही म्हणजे सेन्सरचे सिग्नल इसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) पटण्याजोगे वाटताहेत, एवढंच. साचलेली काजळी कुठलाही सेन्सर थेट दाखवत नाही. थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाच्या) पाकळीच्या कडेला आणि आयडलच्या हवेच्या वाटेत ती थर धरते, हवा कमी पडते, आणि थ्रॉटल अचानक सोडल्यावर इंजिन सावरू शकत नाही. थ्रॉटल बॉडीसाठीच बनवलेला क्लीनर घ्या, मऊ कापडाने पुसा. सील केलेल्या स्क्रूला हात लावू नका. काही मॉडेलांत सफाईनंतर किंवा बॅटरी काढल्यावर आयडल पुन्हा शिकवावं लागतं, त्याची पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

ब्रेक लाइट किंवा इंडिकेटर लागतानाच आरपीएम डगमगत असेल तर आधी बॅटरी बघा. चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि रेस दिल्यावर साधारण १४ च्या आसपास जायला हवी. टर्मिनल सैल नाहीत ना, हेही.

प्रश्न: न्यूट्रलला तासभर चालू राहते. क्लच दाबून पहिला गिअर टाकला की बंद.

गचकन पुढे उडी मारून बंद पडते की उडी न मारता, स्विच बंद केल्यासारखी? उडी न मारता बंद पडत असेल तर साइड स्टँडचा स्विच: स्टँड वर असूनही चिखलामुळे तो अडकून बसतो. साफ करा. उडी मारत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. लिव्हरच्या टोकाला बहुतेक गाड्यांत १० ते २० मिमी ढील असते. जास्त असेल तर केबल ओढून घ्या. तरीही फरक पडला नाही तर क्लच प्लेट बघाव्या लागतील.

प्रश्न: हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की इंजिन मरतं. सरळ केलं की पुन्हा सुरू.

हँडलच्या मानेपाशी वायर आतून तुटली आहे. वरचं आवरण शाबूत दिसेल. इंजिन चालू ठेवून चावीच्या स्विचकडून येणाऱ्या वायरी एकेक करून हलवा, सापडेल. हे लगेच करा. वळणावर इंजिन बंद पडणं धोक्याचं आहे.

प्रश्न: वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी आचके देत हळूहळू बंद पडते, नेहमी थांबल्यावरच असं नाही. दहा मिनिटं उभी केली की चालू. कार्बोरेटर दोनदा साफ झालं.

तिसऱ्यांदा करू नका. पुढच्या वेळी बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा ‘सूंऽऽ’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र तुंबलं आहे. पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत हवा यायला हवी. ती आली नाही की आत ओढ तयार होते आणि पेट्रोल वरच अडकतं. दहा मिनिटांत थोडी हवा झिरपते, म्हणून गाडी पुन्हा चालते. छिद्र साफ करा, आणि टाकीवर कव्हर किंवा बॅग घालत असाल तर तिने झाकण दाबलं जात नाही ना, तेही बघा.