थोडके खेळलेले आयुष्य

प्रिय विद्यार्थी मित्रा,

अनेक आशीर्वाद. विद्यापीठातले शेवटचे वर्ष, काउंटीच्या (इंग्लंडमधल्या जिल्हावार क्रिकेट संघाच्या) राखीव संघाकडून आलेले बोलावणे आणि हाताशी असलेले नोकरीचे पत्र, यांत तुझी ओढाताण चालली आहे हे कळले. दोन-तीन मोसम खेळून थांबावे लागले तर आजवरची मेहनत वाया गेली असे होईल का, असे तू विचारतोस. त्यासाठी तुला इंग्लंडकडून एकच कसोटी खेळलेले क्रिकेटपटू नॉर्मन मिचेल-इनेस यांच्याविषयी सांगतो.

त्यांचा जन्म 1914 मध्ये कोलकात्यात झाला. शाळेत असतानाच, सोळाव्या वर्षी, ते सॉमरसेट या काउंटीकडून पहिला सामना खेळले आणि पुढे ऑक्सफर्डला आले. 1935 च्या मोसमात पाहुण्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाविरुद्ध त्यांनी विद्यापीठाकडून 168 धावा केल्या आणि त्या खेळीच्या बळावर, वयाच्या विसाव्या वर्षी, विद्यार्थी असतानाच त्यांची इंग्लंडच्या कसोटी संघात निवड झाली. ट्रेंट ब्रिज मैदानावरच्या त्या सामन्यात इंग्लंडला एकदाच फलंदाजी करायला मिळाली, मिचेल-इनेस पाच धावांवर बाद झाले आणि पावसामुळे सामना अनिर्णित राहिला.

यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. जून महिना म्हणजे इंग्लंडमध्ये गवताला फुलोरा येण्याचा काळ. हवेतल्या परागकणांनी ज्यांना त्रास होतो त्यांचे डोळे चुरचुरतात, नाक वाहते आणि शिंका आवरत नाहीत. मिचेल-इनेस यांना हा त्रास होता. लॉर्ड्सवरच्या पुढच्या कसोटीपूर्वी त्यांनी तो निवड समितीला स्वतःहून कळवला आणि त्यांच्या जागी दुसरा खेळाडू घेतला गेला. स्लिपमध्ये, म्हणजे फलंदाजाच्या मागे यष्टिरक्षकाशेजारी, उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाला नेमक्या झेलाच्या क्षणी शिंक आली तर काय होईल, याचा तू विचार कर. गप्प राहणे त्यांना सहज शक्य होते. पुन्हा कसोटी खेळण्याची संधी त्यांना कधीच मिळाली नाही, तरी त्यांचा तो निर्णय मी चुकीचा मानत नाही, कारण संघातली जागा ही आपल्या एकट्याची नसते.

1936 मध्ये त्यांनी ऑक्सफर्डचे नेतृत्व केले. त्यानंतर ते सुदानमधल्या ब्रिटिश प्रशासकीय सेवेत गेले. या सेवेत ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या खेळाडूंना मुद्दाम घेतले जाई. तिथून रजेवर आले की ते सॉमरसेटकडून खेळत, आणि 1949 पर्यंत त्यांनी खेळाशी असे नाते राखले. 2006 मध्ये, 92 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यासारख्या हौशी खेळाडूला जी सामाजिक आणि आर्थिक सोय होती ती तुला नाही, आणि ज्या साम्राज्याने त्यांना ती नोकरी दिली त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. शिवाय आता विद्यापीठ संघांच्या काउंटीविरुद्धच्या सामन्यांना प्रथम श्रेणीचा, म्हणजे कसोटीच्या खालोखालच्या अधिकृत सामन्यांचा, दर्जाही उरलेला नाही, त्यामुळे त्यांच्यासारखी थेट झेप तुझ्या वाट्याला येणे कठीण आहे. पण एका कसोटीत पाच धावा, एवढ्यावरून त्यांच्या खेळाचा हिशेब मांडणे मला अन्यायाचे वाटते. विद्यापीठाच्या मैदानावर त्यांनी जे केले ते अस्सल होते, आणि पुढे काही घडले नाही म्हणून त्याला उणेपणा येत नाही. तुझ्या वर्षांनाही हीच मोजपट्टी लाव.

आता तुझ्या गुडघ्याविषयी. तो सुजतो हे तू मला लिहिलेस, पण प्रशिक्षकांना अजून सांगितलेले नाहीस, हे मला अजिबात पटलेले नाही. चाचणी सामन्यांची यादी लागण्यापूर्वी, म्हणजे याच आठवड्यात, त्यांना भेटून स्पष्ट सांग आणि संघाच्या फिजिओकडून तपासून घे. नोकरीच्या पत्राला उत्तर देण्याआधी उन्हाळ्यात सलग रजा मिळू शकेल का, याची लेखी चौकशी कर. ती मिळणार असेल, तर काउंटीला नकार कळवण्याची घाई करू नकोस. दोन्हीकडून काय उत्तर येते ते मला कळव.

तुझा शुभचिंतक