मालकाला दर आठवड्याला नवं हवं, अडत्यांना चालू आहे तेच हवं: टेक लीडने तोल कसा साधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातली ३५ जणांची कंपनी, त्यात १२ डेव्हलपर. कळमना मार्केटमधले ४० अडते तुमच्या सॉफ्टवेअरवर लिलाव, तोलाई, हमाली आणि शेतकऱ्याची हिशेबपट्टी करतात. मालकांना दिवाळीआधी मोबाईल अ‍ॅप आणि संत्र्याच्या भावाचा अंदाज सांगणारं एआय फीचर हवंय. अडते म्हणतात, आहे ते धड चालू द्या. आता बाजू कुणाची घ्यायची?

कुणाचीच घेऊ नका. हा वाद तुमच्याकडे दर आठवड्याला नव्याने होतो, खरी अडचण तिथे आहे. त्या दिवशी ज्याचा आवाज मोठा, त्याचं चालतं. सॉफ्टवेअरचा कुठला भाग बंद पडला तर चालेल, किती वेळ चालेल आणि बिघडल्यावर किती मिनिटांत मागे फिरता येईल, हे आधीच कागदावर आणा आणि त्यावर मालकांची सही घ्या. टेक लीडचं, म्हणजे डेव्हलपरांच्या टीमच्या प्रमुखाचं, मोठं काम हेच आहे.

आकडे काढताना २४ तासांचा हिशेब धरू नका. ९९.९ टक्के वेळ चालू म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद, असं सगळीकडे सांगतात. पण रात्री दोन वाजता सर्व्हर बंद असल्याने अडत्याचं काहीच अडत नाही. दुकान महिन्यात २६ दिवस, रोज ८ तास चालतं असं धरलं तर १२,४८० मिनिटं होतात. त्याचा हजारावा भाग साडेबारा मिनिटं. लिलाव आणि पट्टीला महिन्याला बंद पडण्याची एवढीच सूट ठेवा. रिपोर्ट आणि मोबाईल अ‍ॅपला ९९ टक्के पुरेत, म्हणजे महिन्याला साधारण दोन तास. गूगलने रूढ केलेलं एरर बजेट, म्हणजे किती बिघाड चालेल याची आधी ठरवलेली मर्यादा, ते हेच, फक्त तुमच्या बाजाराच्या घड्याळावर बसवलेलं.

बंद पडणं आणि चुकणं मात्र एका खात्यात टाकू नका. पट्टी दहा मिनिटं उशिरा निघाली तर शेतकरी वैतागेल. पट्टीत हमाली दोनदा कापली गेली तर तो पुन्हा त्या अडत्याकडे माल आणणार नाही. चुकीच्या रकमेसाठी सूट शून्य. असं एकदा जरी झालं, तरी कारण सापडेपर्यंत हिशेबाच्या कोडमध्ये दुसरं काही जाणार नाही.

सूट संपली की उरलेला महिना त्या भागात फक्त दुरुस्ती. मोठा ग्राहक अडून बसला की हा नियम पहिल्यांदा मालकच मोडतात, म्हणून अपवादाचीही सोय आधीच करून ठेवा: तिमाहीला एक, लेखी, कारणासकट. याची दुसरी बाजू बहुतेक लीड विसरतात. सलग दोन-तीन महिने सूट जवळजवळ पूर्ण शिल्लक राहत असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त घाबरून चालताय. तेव्हा रिलीज, म्हणजे नवे बदल ग्राहकांकडे पाठवणं, वाढवा.

आता परतीची वाट. नवं आणण्याचा वेग धाडसापेक्षा यावर जास्त ठरतो, असं माझं ठाम मत आहे. मागे फिरायला दोन तास लागत असतील तर टीम रिलीज पुढे ढकलत राहते, बदल साचतात, मग एकदम मोठा रिलीज जातो आणि तोच फुटतो. कशामुळे फुटला हेही कळत नाही, कारण आत साठ बदल असतात. म्हणून रोलबॅक, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर परत जाणं, ५ मिनिटांच्या आत, एका कमांडने, सर्वांत नव्या डेव्हलपरलाही करता आला पाहिजे. महिन्यातून एकदा काही बिघडलेलं नसताना तो करून बघा.

रिलीज टप्प्याने टाका. पहिल्या दिवशी ४० पैकी २ अडते, मग १० जणांकडे दोन दिवस, मग सगळे. पहिले दोघं निवडताना सगळ्यात लहान दुकान घेऊ नका. तिथे एका वेळी एकच माणूस पट्टी करतो, त्यामुळे गर्दीत निघणारा बग दिसतच नाही. एक मध्यम, एक गर्दीचं घ्या आणि त्यांना तसं सांगूनच घ्या. सेटिंग, दरतक्ते आणि कॉन्फिगरेशनही याच टप्प्यांतून जाऊ द्या. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या ज्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली, ती नवी आवृत्ती नव्हती. ती माहितीची फाईल होती आणि टप्पे न करता सगळीकडे गेली.

नवं फीचर फ्लॅगमागे, म्हणजे कोडमधल्या चालू-बंद करायच्या बटणामागे ठेवा, पण प्रत्येक फ्लॅगला एक जबाबदार माणूस आणि काढण्याची तारीख हवी. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने वर्षानुवर्षं न वापरलेल्या कोडचा फ्लॅग नव्या कामाला वापरला. ८ पैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचला नव्हता, तिथे जुना कोड जागा झाला. ४५ मिनिटांत सुमारे ४४ कोटी डॉलर गेले.

डेटाबेस ही एक जागा अशी, जिथे रोलबॅक सहज होत नाही. कॉलमचं नाव थेट बदलू नका. नवा कॉलम जोडा, काही दिवस दोन्हीत लिहा, जुनी माहिती भरून घ्या, वाचन नव्यावर न्या आणि जुना दोन-तीन आठवड्यांनी काढा. चार रिलीज लागतात, पण जुना कॉलम काढेपर्यंत प्रत्येक पायरीवरून मागे येता येतं. बॅकअप घेतला जातो यावर समाधान मानू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला, तेव्हा लक्षात आलं की रोजचे बॅकअप तयारच होत नव्हते आणि तसं सांगणारे ईमेलही पोचत नव्हते. सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती होती, म्हणून वाचले. दर महिन्याला बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवा, लागलेला वेळ लिहा आणि एका अडत्याच्या दिवसाची बेरीज जुळवून बघा.

अंबिया बहाराच्या संत्र्याची आवक जोरात असताना सगळे रिलीज बंद ठेवावे, असं कुणी सुचवेल. पूर्ण बंदी मला पटत नाही, कारण तीन महिने साचलेलं सगळं मग एकाच दिवशी बाहेर येतं. हंगामात फक्त लिलाव आणि पट्टीचा भाग गोठवा. बाकी छोटे बदल बाजार आटोपल्यावर, सोमवार ते गुरुवार जाऊ द्या.

माणसांची वाटणीही यातच येते. एक टीम कायम नव्यावर आणि दुसरी कायम जुन्यावर ठेवली की जुन्यावरची हुशार मुलं वर्षभरात पुणे-हैदराबाद गाठतात आणि हिशेबाचा कोड समजणारं कुणी उरत नाही. १२ पैकी ३ जण सहा आठवडे स्थैर्याच्या कामावर, मग पाळी बदला. तिघांची पाळी एकदम बदलू नका, एक जुना माणूस दोन आठवडे मागे थांबू द्या. नवं फीचर ज्याने लिहिलं, त्यानेच पहिले दोन आठवडे अडत्यांचे फोन घ्यावेत. यासारखी सुधारणा दुसरी कुठली मला दिसत नाही. पगारवाढीच्या बैठकीत न घडलेल्या बिघाडांचं कामही मोजा, नाहीतर बाकी नियम कागदावरच राहतील.

बिघाड झाला की तीन दिवसांत एक पान लिहा: काय झालं, कधी कळलं, आधी का कळलं नाही, आता कोण काय कोणत्या तारखेपर्यंत करणार. कुणाचं नाव दोषी म्हणून येऊ देऊ नका. एकदा आलं की पुढचा माणूस चूक लपवतो.

राहिलं ते भावाचं फीचर. दिवाळीचा शब्द आत्ता देऊ नका. आधी चार आठवडे ते आतल्या आत चालवा: अंदाज साठवा, कुणाला दाखवू नका आणि रोज प्रत्यक्ष भावाशी ताडून बघा. त्याच्या शेजारी एक साधा नियम ठेवा, काल होता तोच आजचा भाव. मॉडेल या नियमापेक्षा स्पष्टपणे सरस ठरत नसेल तर ते बाहेर काढू नका. सरस ठरलं तर एक आकडा न देता कमाल-किमान पट्टा दाखवा, कारण फळाच्या आकारावर आणि प्रतीवर भाव फार हलतो. आणि ते पट्टीच्या स्क्रीनपासून तोडून ठेवा: दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर ती चौकट रिकामी राहील आणि पट्टी निघत राहील.